विठोबाच्या आंघोळीचं पाणी

पुरट्टासी हा आमचा तमिळ महिना उतरणीला लागला की आमच्या घरात चिंचेचा वास सुटतो. आमटीतल्या चिंचेचा नव्हे, पितळेवर घासलेल्या. नाचियार्कोविलहून आणलेले उंच दिवे, तांब्या, पळी, पंचपात्र, सगळं मागच्या अंगणात मांडून मी घासत बसते, आणि माझी सून पुण्याहून आणलेली पावडर पुढे करत म्हणते, "आई, हिनं पटकन निघतं." निघतं खरं पटकन. पण नवरात्र काही पटकन येत नाही, ते चिंचेच्या वासामागून हळूहळू येतं, हे त्या पोरीला कोण सांगणार. मी मान हलवते, पावडर बाजूला ठेवते आणि हातातली चिंच परत दिव्याच्या बुडाशी लावते.

ही सून माझं बोलणं ऐकून हसते. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं. पूर्वज दरबाराच्या चाकरीला इकडे आले ते इथेच राहिले, आणि त्यांच्याबरोबर भाषाही तेव्हाची तेव्हाच राहिली, वर तमिळची फोडणी. ती म्हणते, "तुम्ही बोललात की बखर वाचल्यासारखं वाटतं." हे लिहिलेलंसुद्धा तिनं वाचलं, माझे 'अहे' होते तिथं 'आहे' केले, 'बहुत' होतं तिथं 'फार' केलं. माझ्या भावाच्या, अण्णाच्या, बोलण्याला मात्र मी तिला हात लावू दिलेला नाही. त्याला आजवर कोणी सुधारू शकलेलं नाही, ती कालची पोर काय सुधारणार.

तुमच्याकडे दसऱ्याला शस्त्रं पुजतात. आमच्या कुंभकोणमला आदल्या दिवशी, नवमीला, जे हत्यार पोटाला घालतं ते पुजतात. न्हाव्याची कात्री, शिंप्याचं मशीन, कॉफीवाल्याचं भलंमोठं फिल्टर, कचेरीतला कॉम्प्युटर, सगळ्यांना चंदनाचे ठिपके आणि वर कुंकू. बसच्या तोंडाला केळीचे खुंट बांधतात, चौकाचौकात कोहळे फुटतात, आणि बाजारभर चुरमुऱ्यांचे ढीग लागतात. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. प्रयोगशाळेतल्या तराजूला मी दर नवमीला गंध लावायची आणि पुढे आठवडाभर तो गंधासकट वजन सांगायचा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, काम करायचं नाही. वर्षभर राबलेल्या वस्तूला एक दिवस माणसासारखी सुटी द्यायची, मला ही चाल फार आवडते.

पण पुजायच्या आधी धुवायचं असतं. आणि इथेच सगळी मेख आहे.

अण्णा माझा थोरला भाऊ. कुंभकोणमहून पूर्वेला, तिरुनीलक्कुडीच्या वाटेवर एक वाडी आहे, तिथं तो आणि वैनी राहतात. वाडीचं नाव लिहीत नाही, लिहिलं तर अण्णा मला दारात उभी करणार नाही. भाताची शेती, चारी बाजूंनी हिरवंगार, आणि कावेरीच्या एका पोटकालव्याचं पाणी. ते पाणी आमच्याकडे नळाच्या पाण्यासारखं ज्याच्या त्याच्या घरी येत नाही. वरच्याच्या शेतातून खालच्याच्या शेतात, बांधातल्या तोंडातून पुढे पुढे सरकतं. त्या तोंडाला मडै म्हणतात. चिखलाचा एक गोळा घातला की बंद, पायानं सारला की उघडं. सगळ्यात वर अण्णाचं शेत, त्याखाली मुरुगेसनचं, मग आणखी चार जणांची, आणि सगळ्यांच्या पायथ्याशी तळं. दगडी पायऱ्यांचं, एका कोपऱ्यात कमळं असलेलं.

त्या तळ्यातून अण्णा रोज सकाळी एक घागर पाणी आणायचा. घरातल्या विठोबाच्या आंघोळीसाठी. वीतभर उंचीचा काळा विठोबा आहे, आजोबांच्या आजोबांपासूनचा म्हणतात. घागरीच्या तोंडाला फडकं बांधायचं, त्यातून पाणी गाळून घ्यायचं. त्या फडक्याची गाठ आमच्या वडिलांनी अण्णाला शिकवली, ती अण्णाशिवाय कोणाला येत नाही आणि कोणाला सुटतही नाही. मी लहानपणी दातांनी सोडवायला गेले होते, मार खाल्ला. एकादशीला गोविंदपुरमला भजनाला बसला की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर असतो, आणि शेतात उतरला की त्याचा फवारणीचा पंपही सगळ्यांच्या आधी वाजतो. वाडीत पाठीवरचा पंप पहिल्यांदा आणला तो त्यानंच. अमुक आठवड्याला हे औषध, तमुक आठवड्याला ते, कीड असो वा नसो. त्याचा पंप ऐकला की बाकीचे आपापले पंप उचलायचे. तमिळमध्येही त्याला औषधच म्हणतात, मराठीतही. दोन्हीकडच्या शहाण्यांना त्याचं खरं नाव घ्यावंसं वाटलं नाही.

मी शिकवण्यातली बाई, माझी जीभ कशी गप्प बसेल. "अण्णा, हे सगळं शेवटी तळ्यात जातं," मी म्हणायची.

"वाहतं पाणी अहे गे शांते," तो म्हणायचा. "वाहतं पाणी कोणाचं पाप ठिवून घेत नाही."

"तळं कुठं वाहतं?"

"मग तिरुनीलक्कुडीचा देव काय करतो?" हा त्याचा हुकमाचा पत्ता. तिथला महादेव जगाचं विष प्यालेला, त्याचा दाह शमावा म्हणून लोक त्याच्या पिंडीवर तिळाचं तेल ओततात आणि तेल जिरून जातं म्हणतात. मी म्हणायची, "एकदा प्याला बिचारा. म्हणून दर आठवड्याला पाजायचं का?" मग वैनी मध्ये पडून दोघांपुढे कॉफी ठेवायची. पालथ्या घड्यावर पाणी ओतायची मला सवय होती, पस्तीस मुलींच्या वर्गात आणखी काय करतात.

त्या वर्षी मी नवरात्राला तिकडेच होते. निवृत्तीचं पहिलं वर्ष, हात रिकामे, म्हणून वैनीच्या कोलूला मदत. कोलू म्हणजे लाकडी पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या. देव वरच्या पायऱ्यांवर, माणसं खालच्या, आणि सगळ्यात खाली चेट्टियार, म्हणजे वाणी, आणि त्याची बायको, पोट सुटलेले, पुढ्यात खऱ्या तांदूळ-डाळीच्या पुड्या मांडून दुकान घातलेले. नवमीची सकाळ अशी सुरेख उजाडली होती की काय सांगू. रात्री सर पडून गेलेली, बांधावर बगळे, आणि तळ्याच्या पायऱ्यांवर सगळी वाडी. कोयते, विळे, कुदळी, सायकली, आणि पंप. कुरुवै, म्हणजे वर्षातलं पहिलं भात, नुकतंच निघालेलं, त्यामुळे महिनोन् महिने राबलेले पंप तळाशी उरल्यासुरल्या औषधासकट तसेच खोपीत पडून होते. आता देवापुढे ठेवायचे म्हटल्यावर आतून-बाहेरून लखलखीत नको का? राख घेऊन, चिंच घेऊन, नारळाची शेंडी घेऊन सगळे भिडले.

मुरुगेसन पायरीवरून अण्णाला ओरडून म्हणाला, "सामी, तुमचा पंप माझ्यापेक्षा जास्त चकाकला तर मी पूजेला येणार नाही."

"तू नाही आलास तर तुझे चुरमुरे मला," अण्णा तमिळमध्ये म्हणाला आणि पंपाच्या पोटात हात घालून आणखी जोरानं घासू लागला. पांढरा फेस पायरीपायरीनं खाली उतरत होता. मी बघत होते, आणि मलासुद्धा ते दृश्य गोडच वाटलं, हेही सांगून टाकते.

दुपारी पूजा झाली. पंपांची रांग, प्रत्येकाला तीन बोटं चंदन, झेंडूची माळ. अण्णाचा पंप खरंच सगळ्यांत चकाकत होता. मुरुगेसन आला, चुरमुरेही खाऊन गेला.

दशमीला सकाळी अण्णा घागर घेऊन गेला आणि रिकामी घेऊन परत आला. फडक्याची गाठ तशीच. ओसरीवर घागर ठेवली आणि शेजारी बसला. वैनीनं विचारलं, मी विचारलं. शेवटी म्हणाला, "जाऊन पाहा."

तळ्यावर मासे उलटे तरंगत होते. मोठे, छोटे, कमळाच्या पानांमध्ये अडकलेले, पायऱ्यांना लागलेले, सगळ्यांची पांढरी पोटं वर. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि एक बगळा काठावर उभा राहून बघत होता, चोच घालत नव्हता. वाडी गोळा झाली. कोणी म्हणालं वैऱ्यानं काहीतरी ओतलं, कोणी म्हणालं काल वरच्या रस्त्यावर एक अनोळखी टेम्पो थांबला होता. टेम्पो लाल होता की निळा यावर दोघांचं भांडणही लागलं. माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी विचारलं, "काल या पायऱ्यांवर आपण काय काय धुतलं?"

मुरुगेसननं डोक्याचा पंचा सोडला आणि हातात घेऊन पिळत राहिला, कोरडाच होता. आपलेच दात, आपलेच ओठ. वर्षभर थोडं थोडं सहन करणाऱ्या तळ्याला आम्ही एका सकाळी, एकाच पायरीवरून, सगळ्या वाडीचं धुऊन पाजलं होतं. चोर कोणीच नव्हता, सगळे भक्त होते. त्या दिवशी मला जितका राग आला तितकंच रडूही आलं, कारण रागवायचं कोणावर हे कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून विठोबाला कॅनचं पाणी. कुंभकोणमच्या बसमधून निळा प्लास्टिकचा कॅन मांडीवर घेऊन अण्णा यायचा, कंडक्टर चेष्टा करायचा, "सामी, घरी लग्न आहे का?" देवघरात तो कॅन उपटसुंभ पाहुण्यासारखा बसलेला असे. वैनी म्हणाली, घरची विहीर आहे की. अण्णा म्हणाला, "विहीर तळ्याच्या कडेची. तिच्यात काय उतरलं ते कोणास ठावें?" विठोबाला आंघोळ घालताना तो पूर्वी अभंग म्हणायचा, आता मुकाट्यानं पाणी घालायचा. आम्हा बहीण-भावांत देवाचं वेड त्याच्याकडे आणि पुस्तकाचं माझ्याकडे, पण त्याचा तो पाठमोरा वाकलेला देह मला पाहवेना. तळ्याचं पाणी परत विठोबाच्या अंगावर पडलं पाहिजे, एवढं एकच त्या क्षणी मला हवं होतं, आणि त्यालाही, पण तो ते बोलणार नव्हता.

मी तिथला मुक्काम लांबवला आणि सेल्वीला फोन केला. सेल्वी माझी जुनी विद्यार्थिनी, आता शेतकी खात्यात आहे. शाळेत असताना ही मुलगी खिडकीबाहेर बघायची म्हणून मी तिला पहिल्या बाकावर आणून बसवलं होतं. आली ती चपला काढून थेट बांधावर. म्हणाली, "टीचर, विष किती जहाल आहे एवढंच बघून चालत नाही. ते पाण्यापर्यंत पोचतं कसं, हे आधी बघायचं. तोंड सापडलं तर बंद करता येतं." मग ती एकेकाला विचारत सुटली. कोणतं मारता, किती मारता, कधी मारता, पावसाच्या आधी की नंतर, पंप कुठं भरता, रिकाम्या बाटल्या कुठं टाकता. बाटल्यांचं विचारल्यावर तिघांनी एकदम आकाशाकडे बघितलं.

पाणी कुठून कुठं जातं ते शोधायची युक्ती मात्र वैनीची. नवरात्राच्या झेंडूच्या माळा सुकायला आल्या होत्या. ती म्हणाली, "पाकळ्या सोडूया की." प्रत्येकीनं आपापल्या शेतात मूठभर पाकळ्या सोडायच्या आणि बांधाबांधानं त्यांच्याबरोबर चालायचं. वाडीतल्या बायका पदर खोचून निघाल्या, कोणाच्या पाकळ्या आधी पोचतात यावर पैज. मुरुगेसनची बायको आपल्या पाकळ्यांना "चल गे, चल" म्हणून हाकत होती. अण्णाच्या शेतातला झेंडू मुरुगेसनच्या शेतात गेला, तिथून खालच्या पाटात, आणि जेवणाच्या आत तळ्यात. हे अपेक्षितच होतं. पण एका ठिकाणी मडै पक्की बंद असूनही पाकळ्या बांधापलीकडे निघाल्या. सगळ्या चकित. सेल्वी खाली वाकली, चिखलात कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "खेकड्यांची बिळं." बांध आतून पोखरलेला होता. संध्याकाळी तळ्याच्या पायऱ्यांशी सगळ्या शेतांच्या पाकळ्यांचा एक पिवळा पट्टा जमला. एवढं नजरेसमोर आल्यावर वाद कशाचा घालायचा? विज्ञान शिकवताना आयुष्यभर मला असा एक धडा जमला नाही.

मग ठरलं ते असं. पंप धुवायचा तो जिथं फवारलं त्याच शेतात, आणि धुतलेलं पाणी त्याच पिकावर मारून संपवायचं, पायरीवर आणायचा नाही. फवारल्यावर मडै काही दिवस घट्ट बंद ठेवायची, म्हणजे औषधाचा जोर तिथल्या तिथं उतरेल. बांधाची बिळं बुजवायची. तळ्याच्या कडेनं रुंद पट्टा नुसत्या गवताला सोडायचा, तिथं औषधाचा थेंब नाही. पूर्वेकडून समुद्राचे ढग दिसत असले तर पंपाला हातच लावायचा नाही. आणि सगळ्यात आधी, शेतात उतरून बघायचं की कीड खरोखर आहे का, आणि तिला खाणारे कोळी किती आहेत. मुरुगेसन उसळला, "मडै बंद ठेवली तर खालच्यानं काय प्यायचं? तुम्ही टीचर लोक, तुमचं पीक फळ्यावर उगवतं." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्याचं खरं होतं. वैनी म्हणाली, "खालच्यांनी आधी पाणी घ्यावं, मग वरच्यानं फवारावं. लग्नात नाही का, लांबच्या गावचे आधी जेवतात." मुरुगेसननं मान डोलावली.

अण्णा या सगळ्यात बांधावर उभा. ज्यानं वाडीला पंप दाखवला त्यानं आता काय म्हणायचं? मुरुगेसननं टोचलंच, "सामी, तुमचं वेळापत्रक काय म्हणतं?" अण्णा म्हणाला, "वेळापत्रक वेळापत्रकासारखं. मी माझं बघतो." वैनीनं आणि मी मनात म्हटलं, झालं, हा काही सुधारत नाही.

आणि मग त्याच्या पंपाचं नोझल हरवलं.

पितळेचं, बोटाच्या दोन पेरांएवढं. ऐप्पसी महिन्यात, दिवाळीच्या सुमारास, पहिल्या फवारणीचा दिवस आला, अण्णानं पंप उतरवला, तर नोझल नाही. सगळं घर उलटंपालटं केलं. मला म्हणाला, "तू घेतलंस." मी वैनीकडे बघितलं, वैनीनं माझ्याकडे. मला खात्री होती हे वैनीचं काम, आणि वैनीला खात्री होती हे माझं, त्यामुळे दोघींनीही कानावर हात ठेवले आणि दोघी मनात हसलो. अण्णा ओसरीवर येरझाऱ्या घालत वाडीला ऐकू जाईल असं बोलत होता, "नोझल नाही, काय करूं? असतं तर दाखवलं असतं." त्या दुपारी पूर्वेकडून काळंभोर आलं आणि असं कोसळलं की बांधांवरून पाणी वाहिलं, खोपीतली शेळी घरात घ्यावी लागली. फवारलं असतं तर सगळंच्या सगळं तळ्यात. अण्णा खिडकीतून पाऊस बघत होता. म्हणाला, "बरं झालं हरवलं," आणि लगेच सावरून, "मणजे औषध वाया गेलं असतं."

नवं नोझल तिरुनीलक्कुडीच्या दुकानात कधीही मिळतं. तो आज आणतो, उद्या आणतो म्हणत राहिला. कार्तिकात भातावर पानं गुंडाळणारी अळी आली तेव्हा त्याचं तोंड उतरलं. रोज सकाळी जाऊन पानं उलगडून बघायचा, बोटावर कोळी चढला तर तो परत पिकावर सोडायचा. सेल्वी म्हणाली, दोर ओढा. जुनी रीत आहे. दोन टोकांना दोघं उभे राहतात आणि पिकाच्या शेंड्यांवरून काथ्याचा दोर ओढत नेतात, अळ्या खाली पाण्यात पडतात. एका टोकाला अण्णा आणि दुसऱ्याला मी. साठी उलटलेली दोन भावंडं गुडघाभर चिखलात, दोर धरून. मुरुगेसन बांधावरून म्हणाला, "सामी, हा दोर आहे की देवाचा रथ?" अण्णानं तिकडे बघितलंही नाही, पण ओढता ओढता अभंग म्हणायला लागला. विठोबासमोर कॅन आल्यापासून मी त्याचा गाता आवाज ऐकला नव्हता. मी घसरले, बसले चिखलात, आणि तिथंच हसत राहिले.

तै महिन्यात, संक्रांतीच्या पुढे, कापणी झाली. पीक नेहमीसारखंच आलं, फार नाही, कमी नाही. मुरुगेसननं त्या हंगामात फवारलं, पण मडै बंद ठेवून, आणि पंप धुतला तो शेताच्या कोपऱ्यात. उन्हाळ्यात तळं तळाला गेलं, आडी म्हणजे तुमच्या आषाढात कावेरीचं नवं पाणी आलं, कमळांनी पानं टाकली. सेल्वीनं पाण्याची तपासणी करून आणली, बरं आहे म्हणाली. मी तो कागद अण्णाला वाचून दाखवला. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत कॅन आणायला बसथांब्यावर गेला.

पुढच्या पुरट्टासीत परत मी, परत चिंच आणि परत वैनीचा कोलू. माळ्यावरून बाहुल्यांची पेटी उतरवली. बाहुल्या दरवर्षी दशमीच्या रात्री निजवतात, एकीला आडवी करतात की बाकीच्या निजल्या, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या धोतरांत गुंडाळून वर टाकतात, मग ती पेटी वर्षभर कोणी उघडत नाही. चेट्टियारची पुरचुंडी जरा जड लागली. धोतर उलगडलं तर चेट्टियारच्या पोटाशी आणखी एक लहान गाठोडं, त्यात काहीतरी टणक. वैनी म्हणाली, "शांता, हे तुझंच ना?" मी म्हटलं, "मी? मला वाटलं तुझं." तिनं गाठ सोडवायला घेतली. सुटेना. मी घेतली. सुटेना. मग आम्ही दोघी त्या गाठीकडे बघत बसलो.

घागरीच्या फडक्याची गाठ होती ती.

मासे मेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी बाहुल्या वर गेल्या होत्या. म्हणजे आम्ही पाकळ्या सोडायच्या आधीच, सेल्वी यायच्या आधीच, अण्णानं स्वतःच्या हातानं नोझल काढून चेट्टियारच्या हवाली केलं होतं. आणि पुढे सबंध हंगामभर तो आमच्यासमोर ते शोधत होता. पलंगाखाली वाकून, कोनाड्यात हात घालून, मला चोर ठरवून. ज्यानं गावाला पंप दिला त्याला "मी थांबतो" म्हणायची लाज वाटली, म्हणून झाकली मूठ तशीच ठेवली. वैनी आधी हसली, मग तिनं पदर डोळ्यांना लावला. मलाही माझ्या त्या आडमुठ्या भावाचा असा काही लळा दाटून आला की मी उठून उगाच दिव्यांच्या वाती सारख्या केल्या. गाठ कातरीनं कापली. नोझल बाहेर काढून, धुऊन-पुसून, वैनीनं चेट्टियारच्या दुकानात मांडलं, पुड्यांपासून जरा लांब.

संध्याकाळी अण्णा कोलू बघायला आला. वरपासून खालपर्यंत देव बघितले, नमस्कार केला. नजर खालच्या पायरीवर आली आणि थांबली. त्यानं खांद्यावरचं उपरणं नीट केलं.

"चेट्टियारनं नवीन माल आणलाय मणा," म्हणाला, आणि जेवायला पाट घे म्हणून सांगून आत गेला.

त्या नवमीला पंप धुतले ते शेतात. घमेल्यात, थोड्या थोड्या पाण्यानं, आणि ते पाणी तिथल्याच मातीत. चंदन, झेंडू, चुरमुरे, सगळं बांधावर. पायऱ्यांवर त्या दिवशी फक्त कोयते, विळे आणि सायकली, आणि आंघोळीला उतरलेल्या म्हशी. आता दरवर्षी असंच होतं. गरज पडली तर अण्णाही फवारतो, वर्षात एखाद वेळ, ढग बघून, मडै दाबून. पण नोझल नवं आणलं. ते जुनं अजून चेट्टियारकडे आहे.

दशमीला पहाट झाली आणि मला घागरीचा आवाज आला. बाहेर आले तर अण्णा ओसरीवर फडक्याला गाठ मारत होता. तो पायऱ्या उतरून गेला आणि भरली घागर खांद्यावर घेऊन आला. जिथं थांबलं होतं तिथून सुरू, दशमी ते दशमी. वैनीनं देवघरातला कॅन उचलून अंगणात नेऊन ठेवला. विठोबाला वस्त्रं उतरवून पाटावर उभा केला, अण्णानं सोवळं सावरलं, फडक्यातून पाणी गाळायला घागर कलती केली, आणि हात थांबला.

फडक्यात काहीतरी उसळत होतं. बोटाच्या पेराएवढा मासा, पाण्यासारखाच रंग, दोन काळे ठिपके डोळ्यांचे. सोवळ्यातलं पाणी, देवाच्या आंघोळीचं, आणि त्यात मासा. आमच्या घरात एरवी यावरून सबंध देवघर धुऊन काढलं असतं. अण्णानं ओंजळ केली, त्यात थोडं पाणी घेतलं, मासा त्यात उतरवला आणि वाकून बराच वेळ बघत राहिला. मग उठला आणि ओंजळ छातीशी धरून, थेंब सांडू न देता, सावकाश पायरीपायरीनं तळ्याकडे निघाला.

"अहो, देव उघडा उभा आहे," वैनी म्हणाली. "आधी आंघोळ तर घाला."

अण्णा मागे न वळता म्हणाला, "उभाच राहायला आलाय तो. थांबेल आणखी घटकाभर."